खटका

सोसायटीच्या कचेरीत पंखा आहे, तराजू आहे
आणि बेळगावच्या भाच्याने विकलेला
एक जाडजूड लॅपटॉप.
त्यातलं विंडोज मेल्यावर मी लिनक्स घातलं,
फुकट मिळतं म्हणून, आणि थोडी हौस.
सगळं चाललं. आवाज आला, मराठी अक्षरं आली,
जुना प्रिंटरसुद्धा कण्हत उठला.
वायफाय तेवढं नाही.

समोर माशांच्या क्रेटवर बाबल तांडेल.
उद्या डिझेल परताव्याचा शेवटचा दिवस,
एकोणीस लाँचींचे कागद माझ्या मांडीवर.
"कार्ड आसा मां आत?"
आहे.
"मगे बोलत कित्याक नाय?"

काळ्या खिडकीत मी विचारलं, आत कोण कोण आहे.
यादी आली. खालून तिसरं नाव त्याचंच,
ब्रॉडकॉम, पुढे आकडे.
हजेरीला हात वर करून
पुन्हा मान खाली घालणाऱ्या पोरासारखं.
कर्नलच्या रोजनिशीत कारणही लिहिलेलं होतं,
आणि रात्री दहा वाजता
तो सरळपणा मला बरा वाटला:
फर्मवेअर सापडलं नाही.
म्हणजे चिप आहे, अँटेना आहे,
पण काय करायचं ते सांगणारी फाइल
ज्याची त्याने इंटरनेटवरून आणायची.
इंटरनेट आणायला इंटरनेट.
बाबल हसला नाही. "रेतीत रुतलेली होडी," म्हणाला,
"काडूक दुसरी होडी व्हयी. तसाच."

मग निघालो जेटीच्या टोकाला,
देवगडात आमच्या फोनला दोन काड्या येतात
त्या एकाच दगडावर.
फोनची वायर लॅपटॉपात खोचली.
बॅटरी एकतीस टक्के.
बाबलने बॅटरीचा झोत धरला, त्याची गरज नव्हती,
पडदा स्वतःच उजेड देत होता,
पण मी काही बोलले नाही.
किल्ल्यावरच्या दीपगृहाचा उजेड फिरून गेला.
चौदा टक्के उतरलं.
पुन्हा फिरून गेला. चौदा.
खाली बांधलेल्या लाँचीत कोणीतरी
झोपेत खोकलं.
मग एकदम सगळंच आलं,
भरतीला खाडीच्या तोंडातून येतं तसं,
आधी नाही, नाही, आणि मग गुडघ्यापर्यंत.

कचेरीत येऊन मॉड्यूल उतरवलं, परत चढवलं.
रोजनिशीत तक्रार नव्हती.
वायफाय नव्हतंच.
शेवटची आज्ञा दिली, रेडिओ कोणी अडवलाय सांग.
सॉफ्ट ब्लॉक: नाही.
हार्ड ब्लॉक: होय.

हार्ड म्हणजे आज्ञेने न सुटणारं.
बोट लागतं तिथे.
लॅपटॉप उलटासुलटा केला, कडा चाचपल्या,
आणि पुढच्या काठाखाली सापडला
नखाएवढा खटका, डावीकडे सरकलेला.
उजवीकडे ढकलला.
नारिंगी दिवा निळा झाला.

नावं उगवली एकेक.
सागरकृपा. बर्फ फॅक्टरी. कोयंडे वरचे.
मोंडकर व्हिला, ज्याला चार वर्षं कुलूप आहे,
पण मालक दोह्यातून आपलंच फाटक बघतो
म्हणून त्याचा राउटर जागा.
आणि सर्वांत खाली, दोन काड्यांचं, आमचं सोसायटी२.

तेव्हा आठवलं.
तिन्हीसांजेला बाबलने खांद्यावरच्या पंचाने
लॅपटॉप पुसला होता, इंजिन पुसतात तसा,
कडेकडेने, दाबून, मायेने.
"खारो वारो लोखंडाक खाता गो चेडवा."

"काय झाला होता?" त्याने आता विचारलं.
फर्मवेअर, मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते. सगळं खरंही नव्हतं.
त्याने तो शब्द तोंडात घोळवला,
उद्या जेटीवर कोणाला तरी सांगणार असल्यासारखा,
आणि पंचा हातात घेऊन
पुन्हा लॅपटॉपकडे वाकला.
मी खटक्यावर अंगठा ठेवला
आणि दुसऱ्या हाताने
पहिला अर्ज उघडला.